चाळीस एकर ऊस, दहा गुंठे पाणथळ: दूधगंगेकाठच्या एका चराचं प्रकरण

निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात दूधगंगेच्या काठाने निघालं की उसाशिवाय दुसरं पीक शोधावं लागतं. माळाकडं तंबाखू, सोयाबीन दिसतं. नदीच्या अंगाला मात्र काळी जमीन, उपसा योजनेचं पाणी आणि कारखान्याची तोड, त्यामुळं लावण, खोडवा आणि पुन्हा लावण एवढंच चालतं. याच पट्ट्यातल्या एका गावाच्या खालच्या शिवारात एक चर आहे. वरच्या अंगाच्या सुमारे ४० एकर उसातलं जादा पाणी त्यात उतरतं, चर गावाच्या जुन्या तळ्याला मिळतो आणि तळं भरलं की पाणी ओढ्याने दूधगंगेत जातं. या चराचं पाणी तळ्यात जायच्या आधी शुद्ध व्हावं म्हणून वाटेत दहा गुंठ्यांचं पाणथळ, म्हणजे पाणवनस्पती लावलेलं उथळ पाणी, तयार केलं त्याची ही गोष्ट. गावाचं नाव इथं देत नाही. शेजारच्या शिवारांत दिसलेल्या एक-दोन गोष्टीही याच चराभोवती मांडल्या आहेत, कारण अशा चरांची गत नदीकाठाला सगळीकडं जवळपास सारखीच आहे.

तक्रार सुरू झाली तळ्यापासून. उन्हाळा लागला की पाण्यावर हिरवा तवंग यायचा, वास सुटायचा, म्हशी काठापर्यंत जाऊन माघारी फिरायच्या. मग एका पहाटे चिलापी मासे पोट वर करून तरंगताना दिसले आणि कुणीतरी विष टाकलं म्हणून दोन भावक्यांत वाजलं. विष कुणी टाकलं नव्हतं. मासे पहाटेच मरतात यातच उत्तर आहे. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. शेवाळ फार माजलं की उजाडायच्या आधी पाण्यातला प्राणवायू जवळपास संपतो आणि मासे गुदमरतात. शेवाळ माजण्यासाठी जे खत लागतं ते चरातून येत होतं.

हा मुद्दा गावात मांडायला सोपा नव्हता. खत म्हणजे पिकाचं अन्न, ते पाण्याला बाधतं हे ऐकून कुणाच्याही कपाळाला आठी पडते. हिशोब मात्र सगळ्यांना कळतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठाची उसासाठीची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र (नायट्रोजन), ७५ किलो स्फुरद (फॉस्फरस), १९० किलो पालाश (पोटॅश) अशी आहे. एकरी धरलं तर नत्र १०० किलोच्या आसपास. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे पोत्यामागं २० किलो ७०० ग्रॅम. सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तरी एकरी पाच पोत्यांत काम भागतं. पण पोतं मिळतं २६६ रुपयांच्या आसपास आणि शेजाऱ्याच्या उसाची काळोखी आपल्यापेक्षा जास्त दिसली की भरणीला, म्हणजे उसाला माती चढवताना, आणखी दोन पोती पडतातच. ती दोन पोती ऊस खात नाही. काही वाफ होऊन उडून जातं, उरलेलं पाण्याबरोबर निघतं.

यात नत्र आणि स्फुरद यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि हे प्रकरण पुढं जिथं अडलं ते याच फरकापाशी. युरिया मातीत पडला की जिवाणू त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. काळ्या मातीचे कण ऋणभाराचे, नायट्रेटही ऋणभाराचं, त्यामुळं माती त्याला धरून ठेवत नाही. ते पाण्यात विरघळलेलं राहतं आणि पाणी जाईल तिकडं जातं. स्फुरद उलट मातीला चिकटतं. ते गढूळ पाण्याबरोबर, मातीच्या कणांवर बसून जातं. म्हणजे चरात निवळशंख पाणी वाहत असलं तरी त्यात नायट्रेट भरपूर असू शकतं, आणि स्फुरद बघायचं असेल तर पहिल्या जोरदार पावसात चर बघावा.

या चरात तर नायट्रेटला थेट रस्ता मिळाला होता. अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या म्हणून कृष्णाकाठाला शिरोळ, कागवाड, उगार भागात जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतात. तेच पाहून वरच्या अंगाच्या काहींनी पाइप टाकले. जमीन सुधारली, ऊस परत उभा राहिला, यात वाद नाही. पण पूर्वी जे पाणी मातीतून हळूहळू झिरपत जायचं ते आता नळीतून सरळ चरात पडतं, वाटेत कुठं थांबत नाही.

तळ्याच्या काठावर एक विहीरही आहे. काही घरं तिचं पाणी पितात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. त्यापेक्षा जास्त असेल तर वरचं दूध पाण्यात कालवून पाजलेल्या तान्ह्या बाळांना धोका असतो, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. ‘उकळून देतोय की’ असं एका घरातून सांगितलं गेलं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाटच होतं. त्या घरांना नळाचं पाणी वापरायला सांगणं हे पहिलं काम होतं आणि त्यासाठी कुठलंही झाड लावायची गरज नव्हती.

पहिली सूचना: केंदाळ

चराचं पाणी शुद्ध कसं करायचं यावर मारुतीच्या देवळात बैठक झाली तेव्हा पहिली सूचना आली ती केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची. जलपर्णी पाण्यातलं खत ओढून घेते असं कुणीतरी मोबाइलवर पाहिलं होतं. ते खोटं नाही. नत्र-स्फुरद शोषण्यात तिचा हात धरणारी पाणवनस्पती विरळा. अडचण पुढं आहे. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, काढली नाही तर तिथंच कुजते आणि घेतलेलं सगळं खत पाण्याला परत करते. वर झाकण बसल्यामुळं खालचा प्राणवायू जातो तो वेगळाच. मुळात ती दक्षिण अमेरिकेची. तिला आवरायला १९८०च्या दशकात तिचे शत्रू भुंगेरे बाहेरून आणून बेंगळूरला सोडले गेले, तरी ती गेलेली नाही. बेळगावला नातेवाईक असलेल्या एका मामांनी एका वाक्यात विषय मिटवला: “बळ्ळारी नाल्यात बघून या. ते लावायला लागत नाही, काढायला लागतंय.” येळ्ळूर, शहापूर, वडगाव शिवारातला शेतकरी दर पावसाळ्यात काय भोगतो हे इकडंही सगळ्यांना माहीत आहे. शहराचं सांडपाणी, तुंबलेला नाला, त्यात जलपर्णी आणि वर पाऊस. भातात पाणी दिवसेंदिवस उभं.

दुसरी सूचना सांडपाण्यासाठीच्या तयार पद्धतीची होती. नागपूरच्या नीरी संस्थेने ‘फायटोरिड’ नावाने वनस्पतींवर चालणारी शुद्धीकरणाची पद्धत विकसित केली आहे, ती इथं बसवू असं एक शिकलेला तरुण म्हणाला. वसतिगृह, वसाहत अशा ठिकाणच्या सांडपाण्याला ती ठीक. शेताच्या चराचं पाणी वेगळं असतं, आज चार तांब्यांची धार तर उद्या लोंढा. त्या पद्धतीतले खडीचे वाफे असल्या गाळाने वर्षभरात चोंदतील. इथं हवं होतं उघडं, उथळ, रुंद पाणथळ.

झाड काय करतं

पाणथळाचं काम झाडं करतात असा समज सर्रास आहे, आणि त्यातूनच ‘कुठलं झाड चांगलं?’ हा प्रश्न पहिला येतो. झाडांचा वाटा आहे, पण तो वाटतो तिथं नाही. जर्मनीत केटे सायडेल या संशोधिकेने १९५०च्या दशकात माक्स प्लांक संस्थेत लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पती घाण पाण्यात वाढवून पाहिल्या, तिथून या विषयाची सुरुवात धरतात. पुढच्या दशकांत जे स्पष्ट झालं ते असं: नायट्रेटचा मोठा हिस्सा झाड खात नाही, चिखलातले जिवाणू संपवतात. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसतो, तेव्हा हे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून जगतात आणि उरलेला नत्रवायू बुडबुडे होऊन हवेत जातो. हवेत तो आधीच ७८ टक्के आहे, त्याने कुणाचं बिघडत नाही.

यासाठी जिवाणूंना तीन गोष्टी लागतात: संथ पाणी, ऊब आणि खायला सेंद्रिय पदार्थ. पाणकणसाची (पाण्यात वाढणाऱ्या, कणसासारखं बोंड येणाऱ्या उंच गवताची) पानं गळून कुजतात तो त्यांचा चारा, देठ आणि मुळं ही त्यांची वस्ती. झाड म्हणजे मजूर नव्हे, मजुरांची चाळ. चाळ दाट हवी, टिकाऊ हवी, भाडं न मागणारी हवी. एवढं ध्यानात घेतलं की महागड्या रोपांचा मोह आपोआप सुटतो.

उबेच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. अमेरिकेत आयोवा राज्यात मक्याच्या शेतांखालून असेच निचऱ्याचे पाइप आहेत आणि त्यांच्या तोंडाशी पाणथळं बांधायची सरकारी योजना आहे. पाणलोटाच्या अर्धा ते दोन टक्के एवढी जागा पाणथळाला देतात आणि तिथं येणाऱ्या नायट्रेटपैकी ४० ते ७० टक्के कमी होतं. पण त्यांचं नायट्रेट वाहतं ते वसंतात, पाणी थंडगार असताना, तेव्हा जिवाणू आळसावलेले असतात. आपल्याकडं जानेवारीतही चराचं पाणी तसं थंड होत नाही. आपली अडचण पावसाळ्याची, तिच्याकडं येतोच.

जागा कुणाची

४० एकरांना अर्धा टक्का म्हणजे ८ गुंठे, दोन टक्के म्हणजे ३२ गुंठे. नदीकाठच्या बागायतीत ३२ गुंठे कोण सोडणार? चराच्या तोंडाशी एका शेतकऱ्याचा १० गुंठ्यांचा तुकडा होता, पांढरा फटफटीत, क्षार फुटलेला. ऊस तिथं गुडघ्याच्या वर कधी गेला नाही. त्याने तुकडा द्यायचं कबूल केलं, पण फुकट नाही. त्याचं म्हणणं रास्त होतं: “वरच्यांचं पाणी माझ्याच डोक्यावर आणि जागा पण माझीच?” शेवटी ठरलं ते असं. उतारा त्याच्याच नावावर राहील. कापलेला पाला आणि उपसलेला गाळ त्याचा पहिला हक्क. वरच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी एकदा गाळ काढायला ट्रॅक्टर द्यायचा, पाळी लावून. कापणी स्त्रीशक्ती संघाच्या बायका मजुरीवर करतील आणि मजुरी सगळ्यांनी एकरामागं वाटून घ्यायची.

कापणीचा मुद्दा बैठकीत एका काकूंनीच काढला. “लावायला सगळी येतील ओ, फोटो पण काढतील. कापायला कोण येणार ते आधी लिहून घ्या.” माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत कामाचं वाक्य. लिहून मात्र घेतलं गेलं नाही. तोंडीच ठरलं.

खोदाई उद्योग खात्रीतून, म्हणजे रोजगार हमीतून, करता येईल का म्हणून पंचायतीत विचारणा झाली. अर्ज कन्नडमध्ये, गावात तो भरून देणारी पोरं आहेत, त्यामुळं भाषेने अडलं नाही. अडलं ते खाजगी जमीन आणि कामाचं नाव यावर. नाला सफाई बसते, शेततळं बसतं, ‘पाणथळ’ कुठल्या रकान्यात बसतं ते कुणालाच सांगता येईना, आणि दरवर्षीची कापणी तर कुठल्याच नाही. शेवटी वर्गणी काढून जेसीबी लावला.

बांधणी आणि लावण

चर आत शिरतो तिथं आधी एक खोल गाळखड्डा, सुमारे गुंठाभराचा. लोंढ्याबरोबर आलेली माती इथं बसते आणि मातीवर बसून आलेलं स्फुरदही. त्यापुढं उथळ पाणी, सरासरी फूटभर, मध्ये दोन आडवे बांध. एका बांधाचं तोंड डावीकडं, दुसऱ्याचं उजवीकडं, म्हणजे पाणी नागमोडी फिरतं. सरळ वाट ठेवली तर पाणी मधोमध धावतं आणि दोन्ही बाजूंची जागा नुसती नावाला राहते. शेवटी तळ्याकडं जाताना लाकडी फळी, ती वर-खाली करून पातळी राखायची. काळी माती चोपून घट्ट बसते, त्यामुळं खाली प्लॅस्टिक अंथरायची गरज पडली नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाजूने एक मोकळा चर, लोंढा आला की पाणथळाला वळसा घालून जायला.

पाण्याचा हिशोब बादलीने केला. आत येणाऱ्या पाइपखाली १५ लिटरची बादली धरायची आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. १५ सेकंदांत भरली तर धार सेकंदाला एक लिटर, दिवसाला ८६,४०० लिटर. १० गुंठ्यांत फूटभर पाणी म्हणजे ढोबळमानाने ३ लाख लिटर. या धारेला पाणी आत साडेतीन दिवस राहतं, चांगलंच. धार दहा पट झाली तर जेमतेम आठ तास. जिवाणूंना आठ तासांत फारसं काही करता येत नाही. पाणथळ चालतं की नाही याचं निम्मं उत्तर या बादलीत आहे. झाडांच्या जाती त्यानंतर.

जाती तरीही निवडाव्या लागल्याच. पाणकणीस रस्त्याकडेच्या खड्ड्यातून आणलं, कंद तोडून वीतभर तुकडे लावले. नळ, म्हणजे बांबूसारख्या देठाचं उंच गवत, नदीकाठावरून आला. क्षाराला तो पाणकणसापेक्षाही चिवट, म्हणून पांढऱ्या बाजूला तोच. बांधांवर वाळा, चार बोटांच्या अंतराने ओळीत. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि बांध धरतात. कर्दळ बायकांच्या आग्रहाने लागली, फुलं येतात म्हणून. लव्हाळा आणि मोथा कुणी लावला नाही, तो आलाच. अळू लावायचंही निघालं होतं, ते थांबवलं. चराच्या पाण्यात तणनाशक आणि कीटकनाशकही असतं, त्यावरचं अळू वडीला नको. लावण मेअखेर झाली. कोंब वर दिसेपर्यंत पाणी चिखलापुरतंच ठेवलं, कारण नवे तुकडे बुडाले तर कुजतात.

पहिला पावसाळा

दूधगंगेकाठी कुठलीही गोष्ट बांधताना २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै डोळ्यापुढं ठेवावा लागतो. तेवढं पाणी या पहिल्या पावसाळ्यात आलं नाही, पण नदीचा फुगवटा ओढ्यातून मागं सरकून पाणथळात शिरला आणि काही दिवस तसाच राहिला. ओसरल्यावर सगळ्यावर गाळाचा थर. पाणकणीस आणि नळ त्यातून पुन्हा उठले. खालच्या भागातली कर्दळ गेली, आणि जी वरच्या भागात उरली तिची पानं क्षाराच्या बाजूला कडेने करपली. कर्दळीचा हट्ट पुढं कुणी धरला नाही. वाळ्याची एक ओळ मुळं धरायच्या आत धुपून गेली.

पावसाळ्यात पाणथळाने काय साधलं? खरं सांगायचं तर नायट्रेटच्या बाबतीत फारसं काही नाही. तपासणीची कागदी पट्टी आत येणाऱ्या पाण्यात आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात सारखीच गडद गुलाबी व्हायची. जूनमध्ये भरणीचं खत नुकतंच पडलेलं असतं आणि त्याच पंधरवड्यात पहिला मोठा पाऊस येतो. वर्षभरातला मोठा वाटा त्या काही लोंढ्यांत निघून जातो आणि लोंढा पाणथळात थांबत नाही. गाळखड्डा मात्र भरला. म्हणजे माती अडली, तिच्याबरोबर थोडं स्फुरद अडलं.

दिवाळीनंतर चित्र पालटलं. पाइपांची धार बारीक झाली, पाणी आत दिवस-दिवस राहू लागलं, पाणकणीस पुरुषभर वाढलेलं. आत गडद, बाहेर फिकट असा फरक पट्टीवर कुणालाही दिसू लागला. नोव्हेंबर ते मे हा या पाणथळाचा खरा हंगाम. आपल्याकडं पाणथळाची जाहिरात करताना ही गोष्ट कुणी सांगत नाही. पाट्यांवर वर्षाचा एकच आकडा असतो. ऊसपट्ट्यात हिवाळा-उन्हाळ्यातला पाझर आणि पाटाचं जादा पाणी पाणथळ सांभाळेल, जूनचा लोंढा सांभाळायचा तर खतच वेळ बघून आणि विभागून टाकायला हवं.

तळं हिरवंच

मार्च आला, आणि तळं पुन्हा हिरवं झालं. “मग काय फरक पडला?” असं देवळात विचारलं गेलं आणि प्रश्न बरोबर होता.

नत्र हवेत जाऊ शकतं. स्फुरदाला वायुरूपाची अशी वाट नाही. ते गाळात बसतं, झाडात जातं किंवा पुढं वाहतं. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ आहे, त्यात स्फुरद साठलेलं आहे, आणि उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की लोहाला धरून बसलेलं स्फुरद सुटून परत पाण्यात येतं. म्हणजे वरून एक थेंब खत आलं नाही तरी तळं काही वर्षं स्वतःच्याच साठ्यावर हिरवं राहू शकतं. शिवाय निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती हवेतलं नत्र स्वतः बांधून घेतात, त्यांना नायट्रेट कमी झाल्याचं सोयरसुतक नसतं. तळ्याचा रंग ठरवतं ते बहुधा स्फुरद.

तळ्याला स्फुरद देणारी आणखी एक वाट होती, ती शेतीची नव्हतीच. कपडे धुण्याच्या दगडांचं आणि एका गल्लीच्या गटारीचं पाणी तळ्याच्या दुसऱ्या बाजूने आत येत होतं. साबणाचा चुरा आणि शेणखड्ड्यांचा निचरा दोन्ही त्यात. चराबद्दल भांडण करताना गटारीकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, बहुधा ती सगळ्यांचीच असल्यामुळं. ती गटार वळवून पाणथळाच्या मधल्या भागात आणली. तळ्याचा गाळ काढायचं अजून बाकी आहे.

कापणी

झाडात गेलेलं स्फुरद बाहेर काढायचं तर झाड कापून बाहेर न्यावं लागतं. हे न करता पाणथळ सोडून दिलं तर पानं तिथंच पडतात आणि घेतलेलं परत देतात. पण कापणीने किती निघतं याबद्दल भाबडेपणा नको. वाळलेल्या पाणकणसात नत्र साधारण १ ते २ टक्के आणि स्फुरद त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एक टन वाळका पाला म्हणजे युरियाच्या अर्ध्या ते एका पोत्याइतकं नत्र. स्फुरद डीएपी या स्फुरदाच्या खताच्या पोत्यातल्या फार तर पाचव्या हिश्श्याइतकं. कापणी करायची ती तेवढ्यासाठी आणि पाणथळ दाटीने चोंदू नये यासाठी.

पहिल्या कापणीत घोळ झाला. ऊसतोडीची सवय असलेल्या टोळीने पाणकणीसही उसासारखं बुडख्यापासून छाटलं. ऊस जमिनीलगतच तोडायचा असतो, उंच ठेवला तर कारखाना आणि मालक दोघेही ओरडतात. पाणकणसाचं उलट आहे. त्याच्या देठातल्या पोकळ्यांतून हवा खाली कंदापर्यंत जाते. बुडखा पाण्याखाली गेला की ती वाट बंद. फळी चढवून पाणी वाढवलं आणि मधल्या भागातले कंद कुजले, वास सुटला. पुढच्या कापणीपासून पाण्याच्या वर वीतभर देठ ठेवायचा असं ठरलं आणि कापणी संघाच्या बायकांकडंच ठेवली. त्या कापणी एका वेळी निम्म्याच भागाची करतात, म्हणजे जिवाणूंची वस्ती एकदम उठत नाही आणि सुगरणींची घरटीही निम्मी तरी राहतात.

पाला म्हशींना घालावा का, हा प्रश्न आलाच. कोवळा नळ म्हशी आवडीने खातात. पण खताळ पाण्यावर वाढलेल्या चाऱ्यात नायट्रेट साठू शकतं आणि ते जनावराला बाधतं, म्हणून भरमसाट ओला चारा घालू नये असं सांगितलं. बहुतेक पाला पाचटाबरोबर, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांबरोबर, कुजवला जातो. वाळ्यावरूनही ताणाताणी झाली. त्याच्या मुळांना बाजारात भाव आहे आणि संघातल्या काहीजणींना ती खोदून विकायची होती. मुळं काढली की बांध गेला. तडजोड म्हणून तळ्याच्या कोरड्या काठावर विक्रीसाठी वेगळा वाळा लावला आहे.

डासांची तक्रार पहिल्या वर्षी आली, ती अगदी खोटी नव्हती. दाट पाणकणसात पाणी हललं नाही की क्युलेक्स डास वाढतात. मधल्या भागात दोन ठिकाणी खोल, मोकळं पाणी ठेवून गप्पी मासे सोडले. तक्रार कमी झाली, बंद झाली नाही. सापांबद्दल मात्र काही करण्यासारखं नाही. बेडूक आले की धामण येणारच.

आता कुठं अडलंय

वरच्या अंगाला दोघा शेतकऱ्यांनी पाचट जाळायचं सोडून सरीत आच्छादलं आहे आणि भरणीचा युरिया दोन हप्त्यांत देतात. पाचट कुजताना मातीतलं मोकळं नत्र जिवाणू धरून ठेवतात, त्यामुळं चरात कमी उतरतं. त्यांनी हे तळ्यासाठी केलं नाही, पोत्यांचे पैसे वाचले म्हणून केलं. माती तपासायला एकजण गोकाकजवळच्या तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आला. स्फुरद जमिनीत आधीच भरपूर निघालं, तरी डीएपीची सवय सुटायला वेळ लागेल.

दुसरीकडं, जमीन सुधारते हे पाहून आणखी काही जणांनी पाइप निचरा टाकला आहे. चराची धार वाढली. हिवाळ्यात जी बादली १५ सेकंदांत भरायची ती आता निम्म्या वेळात भरते, म्हणजे पाणी आत राहण्याचा काळही निम्मा. १० गुंठे चाळीस एकरांना आधीच जेमतेम होते. शेजारचे आणखी १० गुंठे घ्यावेत असं निघालं आहे, पण त्या जागेत क्षार नाही, ऊस आहे, आणि त्याचा मालक नव्या पाइपवाल्यांकडं जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, मागतोय. पाणी जो जास्त सोडेल त्याने जास्त द्यावं हे त्याचं म्हणणं मला पटतं. नव्या पाइपवाल्यांना ते अजून पटलेलं नाही. गाळखड्डा उपसायला या वर्षी ट्रॅक्टर देण्याची पाळी त्यांचीच आहे.